छापून आलेले शब्द

धाकटा: नको, दिवा लावू नका, बाबा. आत्ता कुठे उजाडतंय.

बाबा: अरे, पण तासभर त्या खिडकीशी बसून तू बघतोयस तरी काय?

धाकटा: ऊन. आधी ते समोरच्या इमारतीच्या टाकीवर आलं, इतकं फिकट की टाकीच जरा जुनी झाल्यासारखी वाटली. मग एकेक मजला उतरत आलं. चौथ्या मजल्यावर कोणाची तरी चादर वाळत घातली आहे, तिच्यात बराच वेळ थांबलं. चादर भरली, तेव्हा पुढे निघालं. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकी उघडली, तशी काचेवरून त्याचा एक तुकडा उडाला आणि आपल्या छतावर क्षणभर थरथरला. आता ते आपल्या चौकटीवर आहे. रंगाचे पोपडे कुठे कुठे निघालेत, सगळं दिसतंय. मग टेबलाची कड. आधी तुमचं चष्म्याचं घर उजळेल, मग पाण्याचा पेला, मग ती डबी. रोज असंच होत असणार. आठ वर्षं या घरात राहतोय, आणि मी हे आज पहिल्यांदा पाहिलं.

बाबा: प्रेसमध्ये रंग मी याच उजेडात पाहायचो. दिव्याखाली तांबडा खोटं बोलतो. सकाळच्या उन्हात त्याला ते जमत नाही. मालक ओरडायचे, की फर्मा बांधून तयार आहे, मशीन का थांबलंय? मी म्हणायचो, सूर्य उगवू द्या, मग बोलू. अडतीस वर्षांत एक रंग चुकला नाही माझा. पण तू काही उन्हासाठी बसलेला नाहीस.

धाकटा: नाही.

बाबा: तुझी आई गेली, त्या सकाळीही तू असाच बसला होतास. मला उठवलं नाहीस. म्हणालास, झोपू द्यावं म्हटलं. सांग आता.

धाकटा: वॉलेट रिकामं आहे.

बाबा: कुठलं?

धाकटा: ताईचं. आपल्या घरात दुसरं कुठलं आहे?

बाबा: काल संध्याकाळी तर तिने पाठवलं. सगळं पोचलं, असं तूच सांगितलंस.

धाकटा: पोचलं होतं. सातला पोचलं. मी तिला निरोप दिला, 'आलं', आणि फोन बाजूला ठेवला. आज पाचला उघडून पाहिलं. सातला आलेलं पावणेआठला गेलं होतं. एका अनोळखी वॉलेटच्या पत्त्यावर, तिथून दुसऱ्या, तिथून आणखी कुठे. पुढे मी पाहणं सोडून दिलं.

बाबा: मग बँकेला फोन कर की. बसलायस काय?

धाकटा: यात बँक नाही, बाबा. बँक नाही म्हणूनच तर तिने हा मार्ग धरला. खात्यात आले असते तर भावजींना दिसले असते. चार वर्षं ती परदेशी प्रकाशकांसाठी चित्रं काढत राहिली, ते बिटकॉइनसारख्या इंटरनेटवरच्या कॉइनमध्ये पैसे देत राहिले, आणि तिने त्यातला एक कधी खर्च केला नाही. घर सोडताना फोन भावजींच्या हाती लागला तर, म्हणून ते सगळं या डबीत आणायचं ठरलं.

बाबा: थांब. वॉलेटची डबी इथे टेबलावर आहे. मोडलेली नाही, फोडलेली नाही. पिन तुला ठाऊक आणि मला ठाऊक. मी तर या खोलीबाहेर तो मनातसुद्धा म्हणत नाही. मग चोर शिरला कुठून?

धाकटा: डबीत पैसे नसतातच. त्यांची किल्ली असते. आणि खरं तर डबीही किल्ली नव्हे; किल्ली म्हणजे ते चोवीस शब्द. डबी हरवली, जळली, तरी ज्याच्याकडे ते शब्द आहेत तो दुसरी डबी घेतो, शब्द भरतो आणि सगळं त्याच्या हातात येतं. ज्याचे शब्द, त्याचा माल.

बाबा: ते शब्द पत्र्याच्या पेटीत, तुझ्या आईच्या शालीखाली आहेत. मी आणून दाखवतो.

धाकटा: आहेत, मला ठाऊक आहे. पण ते तिथे येण्याआधीही कोणाकडे तरी होते. ज्याने कार्ड छापलं त्याच्याकडे. बाबा, खाली बसा.

बाबा: ते कार्ड मी उन्हात धरून पाहिलं होतं.

धाकटा: हो.

बाबा: तीनशे ग्रॅमचा जाड कागद. कडा अशा कापलेल्या की बोट फिरवलं तर कळू नये. रुपेरी थर मीच नखाने खरवडला आणि खाली एकेक शब्द उभा, शाई कुठे पसरलेली नाही, कुठे दबलेली नाही. मी तुला म्हटलं, असं काम आता कोणी करत नाही. ज्या कंपनीने कार्डावर इतका जीव लावला, तिने डबीवर किती लावला असेल. म्हटलं ना?

धाकटा: म्हणालात.

बाबा: आपल्या घरात रीतच ती. हाताने लिहिलेलं ते कच्चं, छापलेलं ते पक्कं. जन्मभर लोकांची हस्तलिखितं माझ्यापुढे यायची, खाडाखोड केलेली, चहाचे डाग पडलेली, आणि मी त्यांना पक्कं करायचो. चोरसुद्धा चांगलं छापून घेईल, हे मला कसं सुचावं? आमच्या मालकांना जे सुचलं नाही ते चोराला सुचलं.

धाकटा: बाबा.

बाबा: मग खरी रीत काय होती? सांग ना. बैल गेला आणि झोपा केला, हे कळतंय मला. तरी सांग.

धाकटा: डबी थेट ज्यांनी बनवली त्यांच्याकडूनच घ्यायची. मधल्या कोणाकडून नाही. घरी आली की ती कोरी असली पाहिजे. पिन नाही, शब्द नाहीत. चालू केल्यावर ती दोन गोष्टी विचारते: नवं वॉलेट करायचं, की जुनं परत आणायचं. आपण नवं निवडायचं. मग शब्द ती स्वतः तयार करते आणि स्वतःच्या एवढ्याशा पडद्यावर एकेक करून दाखवते. जगात ते तेवढ्यापुरतेच दिसतात. पडदे ओढून घ्यायचे, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. फोटो काढायचा नाही, कुठे टाइप करायचे नाहीत. आपल्या हाताने कागदावर लिहायचे.

बाबा: हाताने.

धाकटा: हो. मग थोडे पैसे पाठवायचे, डबीतलं सगळं मुद्दाम पुसून टाकायचं, आणि त्या कागदावरून शब्द भरून थोडे परत दिसतात का ते बघायचं. दिसले, की मग सगळे पाठवायचे.

बाबा: म्हणजे हस्तलिखितच खरं.

धाकटा: इथे, हो.

बाबा: आपण तर दुसरं निवडलं. जुनं परत आणा. कार्डाबरोबरच्या पत्रकात तसंच छापलं होतं. तू पानावर बोट ठेवून मला वाचून दाखवलंस.

धाकटा: वाचून दाखवलं.

बाबा: हे सगळं तुला कळलं कधी?

धाकटा: आज. सकाळी पाहिलं, तेव्हा शोधलं.

बाबा: वरातीमागून घोडं. तुझा तरी काय दोष? मागवलं मी. अस्सल दुकान सोडून त्या मधल्या विक्रेत्याकडून मागवलं, कारण तो लिहीत होता, 'सगळं तयार करून देतो, वयस्कर मंडळींना त्रास नाही.' वयस्कर मंडळी! मीही म्हटलं, बरं झालं, पोराला कशाला त्रास. त्याच्या टेबलावर प्रुफांचा ढीग आहे.

धाकटा: ताई नऊला येते आहे.

बाबा: ठाऊक आहे. अकराला नव्या घराची किल्ली मिळणार. कॉइन विकून अनामत हातात दिल्याशिवाय ती घरमालकीण किल्ली देणार नाही, तेही ठाऊक आहे. माझा फंड तुझ्या आईच्या आजारात गेला, नाहीतर आज... आणि ही जागा जावयाची. तिने त्याचं घर सोडलं, की आठवड्यात आपल्यालाही निरोप येईल. म्हणूनच तिने तीन खोल्यांचं बघितलं. तोंडाने बोलली नाही, पण मला कळतं.

धाकटा: पोलिसांत तक्रार देता येईल.

बाबा: देऊ. लिहून घेतील. तुझा चेहरा सांगतोय की परत काही यायचं नाही.

धाकटा: नाही येत.

बाबा: मग ऐक. तिला मी सांगेन. माझ्या हातून झालं, मीच सांगेन. तू गप्प राहा. तेवढं तुला छान जमतं.

(नऊ वाजता दारावर दोनदा टकटक. ताई आत येते. खांद्यावर चित्रांची लांब नळी, हातात एकच बॅग. टेबलावर आता पुरतं ऊन आहे.)

ताई: दार उघडं टाकून बसलात? चोराला आवतण देताय की काय? मुक्या, बघत काय राहिलास, ही नळी घे. बॅग राहू दे, ती हलकी आहे. अकरा वर्षांच्या संसाराची बॅग इतकी हलकी असेल, असं मला वाटलं नव्हतं.

बाबा: बस, पोरी. पाणी पी.

ताई: पाणी नको, मला आधी बोलायचंय. मी निघाले, बाबा. खरंच निघाले. चिठ्ठी लिहिली दोन ओळींची. तिसरी लिहिली आणि खोडली. चिठ्ठी टेबलावर, घराची किल्ली चिठ्ठीवर, आणि दार ओढून घेतलं. आता मनात आलं तरी मला आत जाता येणार नाही. मुद्दाम तसं केलं. मी स्वतःला ओळखते, चौकापर्यंत जाऊन परत फिरले असते.

बाबा: किल्ली आत ठेवलीस?

ताई: हो. तो एकला जेवायला येईल तेव्हा त्याला कळेल. तोवर आपण नव्या घरात. बाबा, बाहेरची खोली तुमची, तिला सकाळचं ऊन आहे, मी मुद्दाम विचारून घेतलं. मुक्याला गॅलरीजवळची, म्हणजे त्याला कोणाशी बोलावं लागणार नाही. मला उत्तरेची खिडकी. चित्र काढायला उत्तरेचा उजेड लागतो, दिवसभर एकसारखा. काय झालंय? तुम्ही दोघं असे का बसलात?

बाबा: बाई, तुझे पैसे गेले.

ताई: कुठे गेले?

बाबा: चोरीला. काल सातला आले, पावणेआठला गेले. सगळे. मी जी डबी मागवली ती फसवी होती. म्हणजे डबी खरी, पण तिच्याबरोबर आलेले शब्द चोराचे. आपण आपला माल चोराच्या कोठारात नेऊन ठेवला आणि बाहेरून कुलूप लावून आलो.

ताई: सगळे?

बाबा: सगळे.

ताई: पहिल्या वेळी पाठवलेले थोडे? ते तरी?

धाकटा: तेही.

ताई: पण ते आठ दिवस तिथेच होते. मी रोज पाहायचे. तो आंघोळीला गेला की फोन उघडायचे, ते तिथे असायचे, मी फोन बंद करायचे. दिवसातलं माझं तेवढंच सुख होतं. चोराने ते का नाही नेले?

धाकटा: ते नेले असते तर तू पुढचे पाठवले नसतेस.

ताई: म्हणजे चोरही रोज पाहत होता. मी पाहायचे, तोही पाहायचा. आम्ही दोघं एकच आकडा बघत बसलो होतो.

बाबा: पोरी, मला बोल. मनात ठेवू नकोस. शिव्या दे पाहिजे तर. दोन पैसे वाचवायला आणि 'तयार करून देतो' या शब्दाला मी भुललो. कागद बघून भुललो. मला ठाऊकच नव्हतं की ते शब्द डबीने स्वतः द्यायचे असतात.

ताई: तुम्हाला कसं ठाऊक असणार? तुम्ही मला फोनवर सगळं समजावत होतात, ते मी ऐकत होते. चाळीस मिनिटं. पिन कसा ठेवायचा, कार्ड कुठे ठेवायचं, ते कोणत्या कागदाचं आहे. आई गेल्यापासून तुमचा तो आवाज मी ऐकला नव्हता. मला वाटलं, पैसे सुरक्षित राहोत न राहोत, बाबा बोलायला लागले. बघा, तोंडाने काय बोलून जातो माणूस.

बाबा: घरमालकिणीला मी भेटतो. हातापाया पडतो. महिनाभर थांब म्हणतो.

ताई: महिनाभराने काय येणार आहे, बाबा? चार वर्षं लागली होती.

बाबा: मग आज इथेच राहा.

ताई: ही जागा कोणाची आहे? तो एकला चिठ्ठी वाचेल आणि दीडला या जिन्यात उभा असेल. मला काय म्हणेल तेही पाठ आहे मला. ओरडणार नाही. तो कधी ओरडत नाही. म्हणेल, 'झालं? चला.' आणि खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे चालायला लागेल. मी जाईन त्याच्या मागे. तीच बॅग घेऊन.

बाबा: नाही जायचं.

ताई: मग कुठे जाऊ, ते सांगा. रागाने विचारत नाही, खरंच विचारतेय. तुमच्या औषधांची ती पिशवी, याची ती पुस्तकं, एवढं घेऊन आपण तिघं कुठे जायचं? बाबा, नका रडू. तुम्ही रडलात की मला काही सुचत नाही. तोंड धुऊन या. जा, नळाला आता पाणी असेल. मुक्या, तूही काहीतरी बोल. चार वर्षं गेली माझी, तुझं एक वाक्य तरी येऊ दे.

धाकटा: ताई, माझं चुकलं.

ताई: तुझं काय चुकलं? तू तर मला थांब म्हणाला होतास.

बाबा: कधी?

ताई: परवा. मी फोन केला, उद्या सगळे पाठवते म्हटलं. हा म्हणाला, दोन दिवस थांब. मी म्हटलं, का? म्हणाला, उगाच. मीच घाई केली. मी म्हटलं, शुक्रवारी किल्ली मिळतेय, आता दोन दिवस कसले. आणि तुझा स्वभाव मला ठाऊक. रस्ता ओलांडायचा तरी तू दोन गाड्या जास्त जाऊ देतोस. म्हणून मी मनावर घेतलं नाही.

बाबा: त्याचं ते नेहमीचंच. ताक फुंकून पितो, पाणीही फुंकून पितो.

ताई: तेच. मुक्या, मान वर कर. तू का म्हणाला होतास थांब?

धाकटा: सांगितलं ना. उगाच.

ताई: अरे, तू प्रुफं तपासतोस. एक स्वल्पविराम काढायचा तर तू मला चार कारणं देतोस. चार वर्षांच्या कमाईला 'थांब' म्हणालास, आणि कारण 'उगाच'?

बाबा: अगं, त्याला कुठून कळणार? त्याला आज सकाळी कळलं. कळलं तेव्हा तो एकटाच बसून होता इथे, मी स्वतः पाहिलं.

ताई: बाबा, एक मिनिट. मी याला विचारतेय.

धाकटा: मला जरा बरं वाटत नव्हतं ते.

ताई: काय बरं वाटत नव्हतं?

धाकटा: ते कार्ड. छापलेलं होतं म्हणून. म्हणजे, सहज वाचता वाचता एका ठिकाणी आलं होतं की शब्द कधी छापून येत नाहीत.

ताई: कुठे आलं होतं?

धाकटा: डबी ज्यांनी बनवली, त्यांच्याच पानावर. सूचनांच्या शेवटी. लिहिलं होतं, शब्द आधीच छापून आले असतील तर ते वॉलेट वापरू नका. मला वाटलं, आपलं कार्ड वेगळ्या प्रकारचं असेल. वाटलं, जुन्या डब्यांबद्दल असेल. मी तुला निरोप लिहायला घेतला होता. लिहिला, आणि पुसला.

बाबा: हे आज सकाळी ना?

धाकटा: गेल्या शनिवारी.

ताई: शनिवारी. मी पैसे पाठवायच्या पाच दिवस आधी.

धाकटा: तुम्ही त्या दिवशी फोनवर होतात, बाबा. तिला कागदाबद्दल सांगत होतात. मी दारापर्यंत आलो होतो. तुम्ही हसत होतात. मी ठरवलं, उद्या सांगू. मग रविवारी तुम्ही ते कार्ड शालीखाली ठेवलंत आणि पेटीला नवं कुलूप आणलंत. मग वाटलं, थोडे पाठवलेले अजून जागेवर आहेत, म्हणजे सगळं ठीक असणार. रोज वाटायचं. परवा तुझा फोन आला, तेव्हा तोंडातून 'थांब' एवढंच निघालं. ती फक्त एक शंका होती, ताई.

बाबा: मी तुला मघाशी विचारलं, कधी कळलं. तू म्हणालास, आज.

धाकटा: हो.

ताई: बाबा, त्याला बोलू द्या. मुक्या, माझ्याकडे बघ. तू एक ओळ किती वेळा वाचतोस?

धाकटा: दोनदा.

ताई: आणि ती किती वेळा वाचलीस?

धाकटा: चार-पाच वेळा.

ताई: मग शंका होती, की ठाऊक होतं?

धाकटा: ठाऊक होतं.